न कळकणारा धातू

माळव्यातील मराठी घराण्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी धातूंची दखल घेतली ती तलवार, तोफ, नाणे आणि देवघरातील मूर्ती यांच्या निमित्ताने. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उदाजी व आनंदराव पवारांच्या घराण्याचा अंमल धारेस आणि तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंचा देवास येथे बसला. त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, वैद्य आणि पुरोहित यांची बिऱ्हाडे नर्मदा ओलांडून आली आणि बिऱ्हाडांबरोबर तांब्यापितळेची भांडीही आली. बखरींतून आणि दप्तरांतून शस्त्रांच्या व दागिन्यांच्या याद्या सापडतात. हेच धातू कणाकणाने माणसाच्या शरीरात गेले म्हणजे काय करतात, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात आढळत नाही. प्रस्तुत लेखात त्या न लिहिलेल्या नोंदीचा, विशेषतः शिसे आणि हृदयविकार यांच्या संबंधाचा, थोडक्यात मागोवा घेण्याचा विचार आहे.

आरंभ स्वयंपाकघरापासूनच करावा लागेल. आपल्या भाषेत ‘कळकणे’ हे एक मोठे अर्थपूर्ण क्रियापद आहे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक, आमटी किंवा चिंचेचे सार राहिले तर ते कळकते. आंबट पदार्थातील आम्ल तांब्याला विरघळवते, पदार्थाला हिरवट झाक येते आणि पहिल्या घोटालाच जीभ तक्रार करते. कळकलेले ताक कोणी दुसऱ्यांदा तोंडाला लावीत नाही. म्हणजे तांब्याचा दोष स्वतःच बोलतो, आणि म्हणूनच आपल्या पूर्वजांना त्यावरचा उपाय सापडला. गल्लीत कल्हईवाला आला की जमिनीत खळगा करून भाता लावी, भांडे तापवी, नवसागराचा धूर निघे आणि कापसाच्या बोळ्याने कथलाचा पातळ थर आतून फिरे. मग त्या भांड्यात काहीही शिजवावे.

परंतु कथील महाग आणि शिसे स्वस्त. दोन्ही मऊ, दोन्ही लवकर वितळणारे, दोन्हींचा रंग सारखाच रुपेरी. कथलात शिसे मिसळले तर गृहिणीच्या डोळ्यांना ते ओळखता येत नाही, आणि जिभेला तर मुळीच येत नाही. शिशाचे काही क्षार चवीला चक्क गोड असतात. प्राचीन रोमन लोक द्राक्षांचा रस शिशाच्या भांड्यात आटवीत, तो या गोडीसाठीच. शिसे कळकत नाही. या एका गुणामुळेच त्याचा दोष ओळखण्यास मनुष्यजातीला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

याचा अर्थ आपले पूर्वज धातूंच्या बाबतीत अज्ञानी होते, असा नव्हे. अकराव्या शतकात धारानगरीत राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात पाऱ्याच्या साहाय्याने चालणाऱ्या यंत्रांचे वर्णन आहे. भारतीय रसशास्त्राने तर पाऱ्याच्या दोषांची बारकाईने वर्गवारी केली. पाऱ्यात मिसळलेले शिसे म्हणजे ‘नाग’ आणि कथील म्हणजे ‘वंग’ हे त्याचे यौगिक दोष मानले गेले, आणि ते काढून टाकल्यावाचून पारा औषधात घेऊ नये असा दंडक घातला गेला. शुद्धीची ही जाणीव मोलाची आहे. दुर्दैवाने आजच्या बाजारात ती सर्वत्र पाळली जात नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक-पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यांत भारतीय आणि अमेरिकी अशा दोन्ही निर्मात्यांची उत्पादने होती.

घराबाहेरही शिसे आपल्या ओळखीचे होते. माळव्यातील गावोगावच्या वेशीवरचा मारुती शेंदराने माखलेला असतो. खरा शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे. घरी हळदीला चुना आणि लिंबाचा रस देऊन केलेले कुंकू निरुपद्रवी. पण शेंदूर हा केवळ लेपाचा पदार्थ आहे, तो पोटात जाता कामा नये. दुसरे उदाहरण आपल्या साहित्यव्यवहारातले आहे. छापखान्यातील खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असत, आणि त्यांत शिशाचाच भाग मोठा असे. माझ्या पिढीने लहानपणी वाचलेली बहुतेक मराठी पुस्तके आणि मासिके हातांनी जुळवलेल्या अशा खिळ्यांतून छापलेली होती. खिळे जुळवणाऱ्याची बोटे दिवसभर शिशात असत आणि त्याच बोटांनी तो दुपारची भाकरी खाई. त्या कामगारांचे ऋण आपल्या वाङ्मयेतिहासात क्वचितच मान्य झाले आहे. गमतीची गोष्ट अशी की, जिला आपण शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे नसते, असते ते ग्राफाइट. आणि ज्यात खरोखर शिसे होते त्या छापील पानाला मात्र आपण कधी तसे नाव दिले नाही.

वैद्यकशास्त्राला शिशाची ओळख फार जुनी, पण ती तीव्र विषबाधेपुरती. पोटात मुरडा, हिरड्यांवर निळसर रेघ, लुळे पडलेले मनगट ही लक्षणे दिसली की रंगारी, नळकारागीर किंवा खाणकामगार यांच्या बाबतीत वैद्य शिशाचा संशय घेत. १८५९ साली इंग्लंडमधील डॉक्टर आल्फ्रेड गॅरोड यांनी संधिवाताच्या एका प्रकाराचे अनेक रुग्ण नळकारागीर आणि रंगारी असल्याचे नोंदवले. हा विकार रक्तात साचणाऱ्या आम्लाचा आणि म्हणून मूत्रपिंडाशी निगडित. मूत्रपिंड बिघडले की रक्तदाब वाढतो, आणि रक्तदाब वाढला की हृदयावर ताण येतो. साखळीची पहिली कडी अशी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच हाती आली होती. पुढच्या कड्या जुळायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. कारण त्या काळात शिसे कारखान्यातून बाहेर पडून थेट रस्त्यावर आले.

१९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांना असे आढळले की, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले तर इंजिनाचा खडखडाट थांबतो. पाहता पाहता जगभरच्या मोटारींच्या धुरातून शिसे बाहेर पडू लागले. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयामुळे वैद्यांच्या सल्ल्याने देवासला राहावयास आले, ते येथील कोरड्या हवेसाठी. ती हवा तेव्हा औषध मानली जाई. पण देवास हे आग्रा-मुंबई हमरस्त्यावरचे गाव. पुढील पन्नास वर्षांत त्या रस्त्यावरील मोटारींची वर्दळ किती वाढली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शिसे मिसळलेल्या पेट्रोलचा धूर ना डोळ्याला वेगळा दिसे, ना नाकाला वेगळा जाणवे. अमेरिकेतील भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन खडकांतील शिशावरून पृथ्वीचे वय मोजत असताना त्यांना आपल्या प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिशाची धूळ आढळली. तिचा शोध घेत १९६५ साली त्यांनी दाखवून दिले की, आधुनिक माणसाच्या शरीरातील ज्या शिशाला ‘सामान्य’ म्हटले जाते, ते नैसर्गिक मुळीच नाही. तेलउद्योगाचा रोष पत्करूनही ते मागे हटले नाहीत. भारतात १९९५ साली चार महानगरांपासून शिसेरहित पेट्रोलचा आरंभ झाला आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथील मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २०२१ साली थांबली.

पेट्रोलमधून शिसे गेले, परंतु आपल्या शरीरातून गेले नाही, आणि हाच भाग वयस्कर वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि ते हाडांत साठवून ठेवते. तेथे ते दशकानुदशके मुक्काम करते. उतारवयात, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर, हाडे झिजू लागली की तरुणपणी साठलेले हे शिसे पुन्हा रक्तात उतरते. रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड ते कमी करते, वाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करते, मूत्रपिंडाला थकवते आणि रक्तदाब चढवते. धमन्या कठीण होण्याच्या प्रक्रियेला त्याचा असा हातभार लागतो. यांतील एकही पायरी रोग्याला जाणवत नाही.

या संबंधाचे मोजमाप अलीकडच्या काळात झाले. अमेरिकेतील १४,२८९ प्रौढांच्या रक्तातील शिसे मोजून त्यांचा सुमारे १९ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डेसिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम शिसे असणाऱ्यांच्या तुलनेत ६.७ मायक्रोग्रॅम असणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू ७० टक्क्यांनी अधिक, तर हृदयाला रक्त कमी पडून होणारे मृत्यू दुप्पट आढळले. पूर्वी ज्या पातळ्या निर्धोक समजल्या जात, त्याच या. २०२३ साली जागतिक बँकेतील संशोधकांनी असा अंदाज मांडला की, २०१९ या एका वर्षात शिशामुळे ओढवलेल्या हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी जगात सुमारे ५५ लाख प्रौढ दगावले. त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक यांना हृदयविकाराची कारणे म्हणून गांभीर्याने घ्यावे, असे निवेदन काढले. अंदाजाच्या आकड्यांवर वाद होऊ शकेल. दिशेविषयी आता फारसा वाद उरलेला नाही.

असे असता आपल्या सरकारी आकड्यांत हे कारण कोठेच का दिसत नाही? शासकीय सेवेत असताना जन्ममृत्यूच्या नोंदींशी माझा बरीच वर्षे संबंध आला. १९६९ च्या कायद्याखाली होणाऱ्या या नोंदणीच्या प्रपत्रात मृत व्यक्ती धूम्रपान करीत होती काय, तंबाखू किंवा सुपारी खात होती काय, मद्य घेत होती काय, आणि असल्यास किती वर्षे, हे विचारलेले असते. डॉक्टरच्या प्रमाणपत्रात तात्कालिक कारण आणि त्यामागचे कारण असे रकाने असतात. तेथे हृदयक्रिया बंद पडणे, रक्तदाब, मधुमेह असे लिहिले जाते. तीस वर्षे बॅटऱ्या फोडून, भांड्यांना कल्हई करून किंवा खिळे जुळवून मृत माणसाच्या अंगात काय साठले, हे विचारणारा रकाना नाही. ज्याला रकाना नाही त्याची बेरीज होत नाही, आणि ज्याची बेरीज होत नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही. हा कोणा एका कार्यालयाचा दोष नव्हे. न कळकणाऱ्या धातूला प्रशासनही आपल्या जिभेसारखेच फसले, इतकेच.

शिशाच्या सोबत्यांविषयीही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. तंबाखूचे रोप जमिनीतील कॅडमियम शोषून घेते. विडी ओढणाऱ्याच्या अंगात ते न ओढणाऱ्यापेक्षा अधिक सापडते, आणि मूत्रपिंडात शिरले की दहा-वीस वर्षे हलत नाही. आर्सेनिक म्हणजे आपल्या ओळखीचा सोमल. शास्त्रज्ञ त्याला अर्धधातू म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात अँटोफगास्ता शहराला १९५८ पासून आर्सेनिकयुक्त नदीचे पाणी मिळू लागले आणि १९७० मध्ये शुद्धीकरणाची सोय झाली. त्या बारा वर्षांच्या काळात तेथे तुलनेने तरुण वयात हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण वाढल्याचे पुढे सिद्ध झाले. हे उदाहरण दूरचे वाटेल. परंतु अविभाजित मध्यप्रदेशातच, राजनांदगाव जिल्ह्यातील कौडीकसा परिसरात, विहिरी व हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९९९ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले होते. तो भाग आता छत्तीसगडमध्ये आहे.

आता आपल्या दाराशी यावे. धार जिल्ह्याच्या पूर्व टोकाला पीथमपूरची औद्योगिक वसाहत १९८० च्या दशकात उभी राहिली आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरांतील मुलांना तेथे नोकऱ्या मिळाल्या. त्याच पीथमपुरात २ जानेवारी २०२५ रोजी पहाटे भोपाळहून १२ कंटेनर पोहोचले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री ज्या युनियन कार्बाइड कारखान्यातून वायू सुटला, त्याच्या आवारात चाळीस वर्षे पडून असलेला ३३७ टन कचरा त्यांत होता. उच्च न्यायालयाने तो हलविण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये चार आठवड्यांची मुदत घालून दिली होती. दुसऱ्याच दिवशी गावात बंद पाळला गेला, निदर्शने झाली, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. पुढे फेब्रुवारीच्या अखेरीपासून न्यायालयाच्या देखरेखीखाली तीन चाचण्या झाल्या आणि जूनच्या अखेरीस सर्व कचरा जाळून झाला. चाचण्यांच्या वेळी चिमणीतून निघालेले उत्सर्जन मर्यादेत होते, असे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले.

येथे एक साधे शास्त्रीय तत्त्व विसरून चालणार नाही. अग्नी संयुगांना तोडतो, मूलद्रव्यांना तोडू शकत नाही. कीटकनाशकाचा अवशेष भट्टीत नष्ट होतो. परंतु त्या कचऱ्यात जे शिसे, जो पारा असेल तो नष्ट होत नाही. पारा वाफ होऊन चिमणीकडे धावतो आणि तेथे त्याला अडवावे लागते. शिसे बहुतांशी राखेत राहते. जाळण्याच्या प्रक्रियेत मिसळलेला चुना धरून ही राख ८०० टनांहून अधिक भरली, म्हणजे मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त. तिचे काय करावयाचे हा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे गेला, तो याच कारणाने. अशी राख अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरली जाते. अस्तर चांगले असेल, पण त्यावर पिढ्यान्‌पिढ्या लक्ष ठेवावे लागते. अधिकाऱ्याची बदली तीन वर्षांत होते. शिशाची बदली होत नाही.

पीथमपूरच्या रहिवाशांच्या हृदयविकाराचा संबंध या राखेशी आजच जोडण्याची घाई करू नये. ते शास्त्राला धरून होणार नाही आणि त्यांच्या खऱ्या भीतीलाही न्याय देणार नाही. धातूंचा परिणाम दशकांनी दिसतो; म्हणून आजची पातळी मोजून ठेवली तरच वीस वर्षांनी तुलना करता येईल. परिसरातील विहिरींच्या पाण्यातील आणि काही ठरावीक रहिवाशांच्या रक्तातील शिसे, पारा व कॅडमियम यांची मोजणी दरवर्षी व्हावी आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर, कोणालाही वाचता येतील असे, लागावेत. ही मागणी आंदोलनाची नव्हे, साध्या हिशेबाची आहे.

काही वाचकांच्या मनात साहजिकच येईल की, अंगातील धातू औषधाने काढून का टाकू नये? शस्त्रक्रियेविना हृदयाच्या नळ्या साफ करून देण्याच्या जाहिराती आपण वाचतो. त्यांतील अनेक उपचार धातू बांधून बाहेर काढणाऱ्या एका रसायनाचे असतात. २०१३ साली अमेरिका व कॅनडातील १,७०८ रुग्णांवरील प्रयोगात या उपचाराचा थोडा फायदा दिसला, आणि मधुमेही रुग्णांत तो अधिक होता. म्हणून हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवर तो प्रयोग पुन्हा केला गेला. २०२४ साली त्याचा निष्कर्ष आला: रक्तातील शिसे निम्म्याहून अधिक घटले, पण झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांत घट झाली नाही. वर्षानुवर्षे झालेली इजा काही इंजेक्शनांनी पुसली जात नाही. तेव्हा वृद्ध आईवडिलांच्या औषधपाण्याचा पैसा अशा ठिकाणी घालवण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा, आणि रक्तदाबाची चालू गोळी कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नये.

उपाय आहे तो शिसे आत जाऊ न देण्याचा, आणि तो शासनाच्या हातात पुष्कळ आहे. बांगलादेशात हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून तिला शिशाच्या क्रोमेटने रंगवीत असत. हे उघडकीस आल्यावर तेथील अन्नसुरक्षा विभागाने छापे घातले, दंड केले, गावोगाव सूचना लावल्या. २०१९ साली बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ साली एकाही नमुन्यात सापडले नाही. आपल्या देशानेही घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घातली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आली. मनात आणले तर सरकारी यंत्रणा काय करू शकते, याचे हे दोन दाखले. उरला आहे तो मोठा भाग बॅटऱ्यांचा. जगातील तीन-चतुर्थांशांहून अधिक शिसे आज त्यांत जाते, आणि जुनी बॅटरी परसात फोडून वितळवली की धूर शेजाऱ्यांच्या अंगणात उतरतो.

घरापुरते पाहिले तर करण्याजोग्या गोष्टी थोड्या आणि सोप्या आहेत. कल्हई करावयाची तर शुद्ध कथलाची करून घ्यावी; शेंदूर हाताळल्यावर हात धुतल्यावाचून प्रसाद घेऊ नये; हळद शक्यतो अख्खी, हळकुंडे पारखून घ्यावी, कारण त्याच हळदीचे आपण कुंकूही करतो; जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत करावी; निर्मात्याचा पत्ता नसलेले भस्म पोटात घेऊ नये. ज्यांचा जन्म शिशाच्या व्यवसायात गेला, त्यांनी डॉक्टरांना ते आपण होऊन सांगावे. कारण डॉक्टरांच्या कागदावरही तो रकाना नसतो.

आपल्या आज्या-पणज्यांनी ‘कळकणे’ हा शब्द घडवला, तो त्यांच्या जिभेने दिलेल्या अनुभवातून. जे जिभेला कळत नाही त्यासाठी आता प्रयोगशाळेची जीभ उपलब्ध आहे. तिचे म्हणणे ऐकून ते नोंदवहीत उतरवणे एवढे काम आपल्या पिढीकडे आले आहे. धार-देवासच्या पुढच्या इतिहासकाराला ती नोंद दप्तरात सापडावी, अशी अपेक्षा आहे.